ग्लुटेन-फ्री खाणं महाग आणि बेचव होतं ते कुठे, आणि त्यातून वाट कशी काढायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन महिन्यांपूर्वी सिलिॲकचं (गहू, बार्ली आणि राय नावाचं धान्य यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होते तो आजार) निदान झालं, तेव्हापासून ग्लुटेन-फ्री ब्रेड, पास्ता, बिस्किटं सगळं पाकिटातलं आणताय, किराण्याचं बिल जवळजवळ दुप्पट झालंय, ब्रेड वाळूसारखा लागतो, घरातले बाकीचे नेहमीचं जेवतात आणि तुम्ही वेगळं काहीतरी घेऊन बसता. चवीला बरं आणि खिशाला झेपेल असं नक्की काय खाऊ असं विचारलंय, आणि शेवटच्या ओळीत तीन आठवड्यांवर आलेल्या मुलीच्या वाढदिवसाच्या केकचं. मी आहारतज्ज्ञ आहे, सिलिॲकचे पेशंट गेली १८ वर्षं बघतेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सवडीने वाचा.

मला खरी अडचण थोडी वेगळी दिसते. निदानाच्या दिवशी तुमच्या हातात न खायच्या गोष्टींची यादी पडली आणि तुम्ही त्या यादीतल्या एकेका गोष्टीला बदली शोधत सुटलात. ब्रेडला ग्लुटेन-फ्री ब्रेड, पास्त्याला ग्लुटेन-फ्री पास्ता, बिस्किटाला तसलंच बिस्कीट. यात तुमची काही चूक नाही, सगळेच हे करतात, आणि सुरुवातीची काही वर्षं मीसुद्धा पेशंटच्या हातात हीच यादी ठेवून मोकळी व्हायचे, पुढच्या वेळी ते माणूस वैतागून यायचं तेव्हा मला कळायचं नाही की सगळं नीट पाळतंय तरी एवढं का दमलंय. मग हळूहळू लक्षात आलं की दिवसभर जे काही ताटात येतंय ते कशाची तरी नक्कल आहे, आणि नक्कल खाताना प्रत्येक घासाला मूळ चीज आठवते. शिवाय ही नक्कल बनवायला कंपनीला वेगळी मशिनं, तपासण्या, चिकटपणासाठी डिंक, पोत येण्यासाठी स्टार्च असं बरंच लागतं, त्याचे पैसे तुमच्याकडूनच जातात.

एक गोष्ट पेशंटना मी हमखास सांगते. सिलिॲकचा गव्हाशी असलेला संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिला. त्यांना आधीपासून संशय होता, आणि दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये अन्नाची भयंकर टंचाई झाली, ब्रेड मिळेनासा झाला, तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारायला लागली आणि पुन्हा ब्रेड सुरू झाल्यावर परत आजारी पडली, तेव्हा तो संशय पक्का झाला. त्या मुलांना कुठलंही खास उत्पादन कोणी दिलं नव्हतं. आजारावरचा इलाज म्हणजे काही गोष्टी ताटातून जाणं, पाकीटबंद गोष्टी ताटात येणं हा त्या इलाजाचा भाग नाहीच.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगते. तुम्हाला सिलिॲक आहे हे तपासणीने सिद्ध झालंय असं धरून लिहितेय. गव्हाची ॲलर्जी असेल तर गहूच टाळायचा असतो, बार्ली आणि राय बहुतेकांना चालतात, त्यामुळे लेबल वेगळ्या नजरेने वाचावं लागतं. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी नुसत्या शंकेवरून ग्लुटेन सोडायच्या विचारात असेल तर कृपा करून आधी तपासणी करा, कारण रक्तातल्या अँटीबॉडी (ग्लुटेन खाल्ल्यामुळे या आजारात शरीर तयार करतं ती प्रथिनं) आणि आतड्याची बायोप्सी या दोन्ही गोष्टी तुम्ही ग्लुटेन खात असतानाच खरं काय ते सांगतात, सोडून काही महिने झाले की रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि माणूस वर्षानुवर्षं मधल्यामधे लटकतो. तुम्ही अंडी खाता का, दूध पचतं का (सुरुवातीला आतडं सुजलेलं असल्याने बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही, आतडं भरून आलं की पुष्कळदा परत पचायला लागते), स्वयंपाक कोण करतं, हाताशी वेळ किती, हे मला माहीत नाही. त्यामुळे खालचं सगळं जसंच्या तसं उचलू नका, तुमच्या घराला बसेल ते घ्या.

सुरुवात इथून करा. एक कागद घ्या आणि तुम्ही आजारी पडायच्या आधीही आवडीने जे खायचात आणि ज्यात मुळात गहू, बार्ली, राय नव्हतेच अशा गोष्टी लिहून काढा. भात, बटाटा, रताळं, मका, सगळ्या डाळी आणि कडधान्यं, अंडी, मासे, चिकन, दूध, दही, साधं चीज, भाज्या, फळं, शेंगदाणे, बदाम, तीळ. धान्यांत ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, क्विनोआ, आणि बकव्हीट, ज्याच्या इंग्रजी नावात गहू आहे पण त्याचा गव्हाशी काडीचा संबंध नाही. बहुतेक लोक हा कागद लिहिताना गप्प होतात, कारण आपल्या जेवणाचा निम्म्याहून जास्त भाग आधीपासूनच ग्लुटेन-फ्री होता हे पहिल्यांदाच दिसतं. यातल्या कुठल्याही गोष्टीला तुम्ही जास्तीचे पैसे देत नाही, आणि यातलं काहीही दुसऱ्या कशाची नक्कल नाही. त्या कागदावरून आठवड्यातली दहा-बारा जेवणं बसवा, आणि शक्यतो अशी की घरातले सगळे तेच खातील. वेगळ्या स्वयंपाकाचा वैताग आणि एकटं पडल्यासारखं वाटणं, दोन्ही यानेच कमी होतं. भाजलेला बटाटा, वर घट्ट शिजवलेलं कडधान्य, चीज, बाजूला कोशिंबीर, हे घरातलं कोणीही "पथ्याचं जेवण" म्हणून खात नाही.

फक्त सगळा भार तांदळावर टाकू नका. ग्लुटेन-फ्री सुरू केलं की भात, तांदळाचं पीठ, तांदळाच्या नूडल्स, तांदळाचे क्रॅकर्स असं दिवसातून चारदा तांदूळच पोटात जातो. तांदळाचं पीक जमिनीतून आर्सेनिक जास्त ओढून घेतं, शिवाय पांढऱ्या तांदळात आणि स्टार्चमध्ये फायबर, लोह, फोलेट कमी, आणि सिलिॲकमध्ये नेमकी याचीच कमतरता आधीपासून असते. ज्वारी, नाचणी, राजगिरा, डाळी आलटूनपालटून आल्या की हे आपोआप सावरतं, आणि चवही बदलती राहते.

हे झालं रोजच्या जेवणाचं. आता जे आठवतं त्याचं, कारण ब्रेड आठवतो हे खरंच आहे आणि "सवय होईल" असं म्हणून मी तुम्हाला वाटेला लावणार नाही.

इथे ग्लुटेन नेमकं काय करतं ते समजून घेतलं तर पैसे आणि निराशा दोन्ही वाचतात. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना धरून एक लवचिक जाळं करतात, त्या जाळ्यात हवा अडकते, म्हणून ब्रेड फुगतो, ताणला जातो, चावताना मऊ पण चिवट लागतो. तेव्हा प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न विचारायचा, याला उभं कोण धरतंय? कडक सालीचा ब्रेड, पदर सुटणाऱ्या पेस्ट्री, हाताने ताणायचा पिझ्झा यांना ग्लुटेनच धरून असतं, म्हणून त्यांची नक्कल सगळ्यात महाग आणि सगळ्यात फसलेली असते. पण स्पंज केकला अंडं धरतं, ब्राउनीला अंडं, साखर आणि चॉकलेट, कुरकुरीत बिस्किटाला लोणी आणि साखर, पॅनकेकला अंडं आणि स्टार्च. या गोष्टींमध्ये ग्लुटेन गेलं तर फारसा फरक पडत नाही, बिस्किटात तर उलट फायदाच, कारण गव्हाच्या पिठाचं बिस्कीट जास्त मळलं की कडक होतं आणि इथे ती भीतीच नसते. व्हाइट सॉस किंवा सूप घट्ट करायला मैद्याऐवजी कॉर्नस्टार्च घ्या, मैद्याच्या निम्मं पुरतं, आधी थंड पाण्यात कालवून मग घाला. पास्त्यात मका आणि तांदूळ एकत्र असलेला घ्या, भरपूर पाण्यात शिजवा, पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटं आधी चाखून बघा, आणि लगेच खा, गार झाला की तो कडक होतो.

ब्रेडबद्दल माझा सल्ला असा की घरी करून बघा, पण गव्हाच्या ब्रेडची आशा बाजूला ठेवून. एकट्या तांदळाच्या पिठाचा ब्रेड वाळूसारखा लागणारच, कारण ते पीठ कणीदार असतं आणि पाणी सावकाश पितं. मी पेशंटना सांगते ते मिश्रण वजनाने असं, ४० टक्के बारीक तांदळाचं पीठ, ३० टक्के ज्वारीचं, ३० टक्के कॉर्नस्टार्च किंवा बटाट्याचा स्टार्च. दर १०० ग्रॅम मिश्रणाला ५ ग्रॅमच्या आसपास इसबगोल, तो पाणी धरून जेलीसारखा होतो आणि ग्लुटेनच्या जाळ्याचं थोडंफार काम करतो. पाणी पिठाच्या वजनाइतकं, कधी त्याहून जरा जास्त, त्यामुळे हे मळायचं कणकेसारखं पीठ नसतं, जाडसर घट्ट बॅटर असतं, ते बघून घाबरून आणखी पीठ टाकलं की ब्रेडची वीट झालीच म्हणून समजा. कालवलं की अर्धा तास झाकून ठेवा, कणी याच वेळात मऊ पडते. भाजून झाल्यावर पूर्ण गार होऊ द्या, गरम कापला तर आत चिकट राहतो. तव्यावर भाजायचा चपटा ब्रेड हवा असेल तर पिठावर उकळतं पाणी ओतून उकड काढा, उष्णतेने स्टार्च फुगून चिकट होतो आणि पीठ न तुटता थापता येतं, त्यात इसबगोलसुद्धा लागत नाही.

आणि ब्रेड फ्रिजमध्ये ठेवू नका! स्टार्च शिळा पडून कडक होतो तो फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात लवकर. गार झाल्यावर लगेच स्लाइस करून फ्रीझरमध्ये टाका, लागेल तेवढे काढून थेट टोस्ट करा. विकतचा ब्रेडसुद्धा टोस्ट केल्याशिवाय खाऊ नका, तुमची निम्मी तक्रार त्यानेच जाईल.

पैशांचं गणित मी असं मांडते. महिन्याला विकतच्या ग्लुटेन-फ्री वस्तू दोन, फार तर तीन. कुठल्या, ते तुम्ही ठरवायचं, ज्यांच्यावाचून खरंच चैन पडत नाही आणि ज्या घरी जमत नाहीत त्या. कोणाला सकाळी टोस्ट लागतोच, कोणाला पास्ता, माझ्या एका पेशंटला फक्त संध्याकाळी चहाबरोबरचं एक ठरावीक बिस्कीट हवं असायचं आणि तिने बाकी सगळं पाकिटातलं बंद करून तेवढंच ठेवलं, ती आजही खूश आहे. बाकी पिठं वेगवेगळी घेऊन घरी मिसळा, तयार "ऑल पर्पज" मिश्रणात बहुतेक वेळा स्वस्त स्टार्चच जास्त असतो आणि किंमत मात्र भलतीच. आणि तांदूळ, डाळ, मीठ, पाणी असल्या गोष्टींवर मोठ्या अक्षरात ग्लुटेन-फ्री लिहून जास्त पैसे मागत असतील तर तिथे साधं, एकाच घटकाचं पाकीट बघा, फक्त मागे "गहू असू शकतो" असा इशारा नाही ना हे तपासून. डाळी-कडधान्यं ताटात पसरून निवडा, अधूनमधून गव्हाचा दाणा खरंच सापडतो, मग धुऊन घ्या.

पण काही ठिकाणी काटकसर करायची नाही. पिठं आणि ओट्स यांवर ग्लुटेन-फ्री लिहिलेलंच घ्या, किंवा धान्य निवडून-धुऊन अशा ठिकाणी दळा जिथे गहू येतच नाही, कारण ज्या यंत्रावर गहू दळला जातो तिथलं ज्वारीचं पीठ ग्लुटेन-फ्री राहत नाही. ओट्समध्ये स्वतःचं वेगळं प्रथिन असतं, बहुतेक सिलिॲक पेशंटना शुद्ध ओट्स चालतात, मोजक्या काहींना तेही सोसत नाहीत, म्हणून मी पहिले काही महिने थांबायला सांगते, अँटीबॉडी खाली आल्या की मग थोडे थोडे सुरू करायचे आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवायचं.

हे एवढं ताणून का सांगतेय, तर प्रमाण बघा. कोडेक्स ॲलिमेंटॅरियस हे आंतरराष्ट्रीय अन्न-मानक आहे, त्यात ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २० मिलीग्रॅम ग्लुटेन, आणि बऱ्याच देशांचे नियम याच आकड्यावर आहेत. दिवसाला साधारण १० मिलीग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेक सिलिॲक पेशंटच्या आतड्याला इजा होत नाही असं मानलं जातं. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे त्या स्लाइसचे २०० तुकडे केले तर त्यातल्या एकातच दिवसाचा कोटा संपला. म्हणून घरात सगळे गहू खात असतील तर तुमचा टोस्टर वेगळा, चाळणी आणि पास्ता गाळायचं भांडं वेगळं, लाकडी पाट-चमचे वेगळे, लोण्याचा डबा वेगळा कारण त्यात कोणीतरी चुरा लागलेली सुरी घालतंच. स्टीलची, काचेची भांडी साबणाने नीट घासली की पुरे, नवी घ्यायची गरज नाही. गरम केल्याने ग्लुटेन मरत नाही, ते काही जंतू नाही, त्यामुळे ब्रेडक्रम लावलेलं काही ज्या तेलात तळलं त्याच तेलातले बटाटे तुम्हाला चालणार नाहीत.

लेबलबद्दल थोडंसंच. गहू शब्द दिसला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. रवा, ड्युरम, स्पेल्ट, कुसकुस, सेतान हे सगळं गहूच, माल्ट म्हणजे जवळजवळ नेहमी बार्ली, आणि साध्या सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतोच. माझ्याकडे एक गृहस्थ होते, वर्षभर काटेकोर पाळूनही त्यांच्या अँटीबॉडी उतरत नव्हत्या, आम्ही दोघंही हैराण, शेवटी त्यांना घरातली सगळी पाकिटं पिशवीत भरून आणायला सांगितली तर सकाळी खायच्या कॉर्नफ्लेक्समध्ये माल्ट एक्स्ट्रॅक्ट निघालं. मका आहे म्हणून त्यांनी मागची बाजू कधी वाचलीच नव्हती, आणि मीही कधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी पाकिटं आणायला सांगते. तुम्हीही एकदा ओट्यावर सगळी मांडून वाचून काढा, तासाभराचं काम आहे.

म्हणजे आत्तापुरतं क्रमाने एवढंच करा, आधी तो कागद, मग घरच्यांबरोबरची दहा-बारा जेवणं, मग विकतच्या दोन-तीन वस्तू ठरवणं, आणि ब्रेडचे प्रयोग एखाद्या निवांत रविवारी. पहिले दोन ब्रेड फसतील, तिसरा खाण्यासारखा होतो, आणि फसलेला वाळवून, चुरा करून कटलेटला लावता येतो, वाया काही जात नाही.

आता केक. हा तर सगळ्यात सोपा भाग आहे, कारण वर म्हटलं तसं स्पंजला अंडं उभं धरतं. तुम्ही अंडी खाता असं धरते. चार अंडी खोलीच्या तापमानाला आणा, १२० ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घालून बीटरने आठ-दहा मिनिटं फेटा, इतकं की फुगून पांढुरकं होईल आणि बीटर उचलल्यावर पडणारी रेघ वरती दोन-तीन सेकंद तशीच दिसेल. सगळा केक या फेटण्यावर आहे, इथे घाई नको. ६० ग्रॅम अगदी बारीक तांदळाचं पीठ आणि ६० ग्रॅम कॉर्नस्टार्च एकत्र दोनदा चाळा (तुमच्या वेगळ्या चाळणीने), तीन वेळा थोडं थोडं घालून चमच्याने अलगद वरखाली करा, हवा जाऊ देऊ नका. २० सेंटीमीटरच्या भांड्यात तळाला कागद लावून १७५ अंशांवर २५ ते ३० मिनिटं. बेकिंग पावडर लागतच नाही, म्हणजे तिचं लेबल वाचायचंही काम नाही. फेटलेलं क्रीम आणि फळं लावा. अंडी चालत नसतील तर तसं लिहा, त्याची पद्धत वेगळी आहे, ती देते. मात्र वाढदिवसाच्या आधी एकदा करून बघा, ओव्हनचा अंदाज येईल, आणि पाहुण्यांसाठी दुसरा केक आणू नका, सगळ्यांना हाच द्या, कापायला सुरी मात्र स्वच्छ घासलेली घ्या.